पडद्यामागची शिट्टी

१

हमदुल्ला मुकादम कानाचा पक्का होता. कुवेतमधल्या एका तेल कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्याला चौदा वर्षं झाली होती. गाडी फाटकातून आत शिरली की हातातला चहा खाली न ठेवता तो सांगायचा, "तिसरा व्हॉल्व्ह गेलाय," आणि बॉनेट उघडल्यावर तिसराच व्हॉल्व्ह गेलेला निघायचा. साहेब लोक त्याच्या कानावर पैजा लावायचे. असा हा माणूस घरी मात्र एकाच आवाजापुढे हात टेकून बसला होता. त्याची बायको रशीदा श्वास घेई तेव्हा तिच्या छातीत शिट्टी वाजायची.

उन्हाळ्यात ती शिट्टी बारीक असायची, मिनिटाला बावीस. थंडी पडली, वाळवंटातून गार वारा सुटला की तीस, पस्तीस. मागच्या जानेवारीत एकदा चाळीसच्या वर गेली, तेव्हा डॉक्टरांनी हमदुल्लाला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, "असा आणखी एक हिवाळा ह्यांनी इथे काढला, तर माझ्या हातात काही राहणार नाही. गरम, कोरड्या जागी न्या." गावी रत्नागिरीला न्यायचं तर आठ-दहा दिवस बोटीच्या डेकवर, ओल्या वाऱ्यात. ते तिला झेपणारं नव्हतं. पण तिचा भाऊ हारुन शारजाला होता, आणि शारजात डिसेंबरातही आम्ही अंगणात उघड्यावर बसतो, असं तो दर पत्रात लिहायचा.

वर्कशॉपचा इंग्रज साहेब दर हिवाळ्यात कॅरव्हॅन घेऊन सुट्टीवर जायचा. साहेबाला जमतं ते आपल्याला का जमू नये, असं हमदुल्लाच्या मनाने घेतलं. त्याने एक जुनी अॅम्ब्युलन्स विकत घेतली आणि सहा महिने सगळे शुक्रवार तिच्यात घातले. मागच्या भागात दोन बाकं बसवली. एक त्याचं, एक रशीदाचं, तिच्या बाकाला चारी बाजूंनी जाड सुती पडदा. कोपऱ्यात प्रायमस स्टोव्ह, पाण्याचं पिंप, भांड्यांची फळी. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यात त्याने हात जाईल एवढी चौकोनी खिडकी कापली. गाडी चालवतानाही मागे झोपलेल्या रशीदाची शिट्टी ऐकू यावी, एवढ्यासाठीच.

"रशीदाबी घर घेऊन पळत्ये," म्हणून शेजारणींनी थट्टा केली. १९६५च्या डिसेंबरात, दोन महिन्यांची रजा टाकून, नवराबायको निघाले.

२

तिसऱ्या दिवशी सकाळी सौदीची हद्द संपली. सरहद म्हणजे एक तंबू, एक झेंडा आणि लोखंडी खाटेवर बसलेला शिपाई. त्याने कागद उलटेसुलटे करून पाहिले, मागच्या दारातून आत डोकावून प्रायमसकडे बघत हसला, आणि दोन बोटं वर केली. हमदुल्लाने मान डोलावली. दोन माणसं. शिक्का बसला.

पुढे सबखा लागली. सबखा म्हणजे मिठाची जमीन, वरून कडक पापुद्रा आणि खाली चिखल. रस्ता असा नव्हताच. आधी गेलेल्या गाड्यांचे माग होते आणि डाव्या हाताला दर मैलाला खुणेसाठी उभं केलेलं तेलाचं रिकामं पिंप. पिंप चुकलं की गाडी रुतली म्हणून समजा. हमदुल्ला डोळ्यांत तेल घालून चालवत होता.

दुपारी त्यांनी गाडी थांबवली आणि तिच्याच सावलीत चटई टाकली. भात, सुकटीची आमटी, कांदा. वारा अजिबात नव्हता. रशीदाने घास उचलता उचलता उजवीकडे पाहिलं, आणि मान जरा उंच करून म्हणाली, "या जेवायला!"

"कोणाला बोलावत्येस गो?"

"तो काय, उभा आहे. बघतोय आपल्याकडं. न बोलवता जेवायचं म्हणजे बरं दिसत नाय."

हमदुल्लाने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. दूर, उन्हाने हलणाऱ्या हवेत, माणसाच्या उंचीचं काहीतरी उभं होतं. "पिंप आहे ते," तो म्हणाला.

कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. पडवीत पानं मांडली आणि वाटेने कोणी गेलं, की "या जेवायला" म्हणायचं. त्याने "करा बिस्मिल्ला" म्हणायचं आणि न थांबता पुढे जायचं. बोलावणाऱ्याकडे बहुधा दोघांपुरताच भात असतो, जाणाऱ्याच्या पोटात भूक असली तरी तो थांबत नाही, आणि दोघांचीही अब्रू राहते. सगळी गंमत त्या "करा बिस्मिल्ला"त आहे. ते कानावर आलं की बोलावणं फिटलं.

"काय बोलला नाय हो," रशीदा थोड्या वेळाने म्हणाली. ती अजून तिकडेच बघत होती.

"पिंप बोलतं होय? जेव तू."

ती हसली, हसता हसता खोकली. जेवण झाल्यावर ती मागे जाऊन पडली आणि हमदुल्लाने रेडिएटरमध्ये पाणी घातलं. बॉनेट लावून तो गाडीत चढला, तर रशीदा पुढच्या सीटवर येऊन बसलेली.

"झोपली नाहीस?"

"कंटाळा आला. इथंच बरं आहे."

मागचं दार उघडल्याचा आवाज त्याला आला नव्हता. बॉनेट आपटताना उघडलं असेल, असं म्हणून त्याने गाडी सुरू केली. मैलभर पुढे गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की खुणेची पिंपं सगळी डाव्या हाताला होती. त्याने मान वळवून मागे पाहिलं. उजवीकडे पांढऱ्या जमिनीवर काहीच उभं नव्हतं.

३

तासभर तो निवांत चालवत होता. कानात नेहमीचे आवाज होते, इंजिनाचा, भांड्यांचा, आणि रशीदाच्या शिट्टीचा. आज बावीसच्या आसपास होती. हवा मानवतेय, असं त्याला वाटलं आणि बरं वाटलं.

रशीदा शेजारी बसून संत्रं सोलत होती आणि हारुनच्या लहानपणच्या खोड्या सांगत होती. हारुन विहिरीत कसा पडला, बापाने त्याला कसा बडवला. हमदुल्ला हूं हूं करत होता. मग त्याचं हूं हूं थांबलं. रशीदा सलग बोलत होती आणि तिच्या बोलण्याच्या मधूनच शिट्टी वाजत होती. एकाच छातीतून बोलणं आणि शिट्टी एकाच वेळी कसं येईल? त्याने मान जरा मागे नेली. आवाज त्याच्या पाठीमागच्या खिडकीतून येत होता.

"काय झालं?" रशीदाने विचारलं.

"काय नाय. रबर सैल झालंय कुठंतरी."

त्याने गाडी थांबवली, मागच्या खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दार घट्ट लावलं. पुन्हा निघाला. शिट्टी होतीच. मग त्याने मेकॅनिकची युक्ती केली. फटीतून वारा शिरत असेल, तर गाडीचा वेग वाढला की आवाज चढला पाहिजे. त्याने दहाच्या वेगाने गाडी नेली, मग तीसच्या. शिट्टी चढली नाही की उतरली नाही. घड्याळ बघून त्याने मोजली. बावीस.

"छाती हलकी वाटत्ये मला," रशीदा म्हणाली. "खरंच. इतक्या वर्षांत अशी कधी वाटली नव्हती. ऐका ना." तिने त्याचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. आत कसलीही घरघर नव्हती. हमदुल्लाचे डोळे भरून आले. मागचा आवाज काहीही असो, ह्या छातीतला गेला होता. त्याला त्या क्षणी दुसरं काही नको होतं, आणि त्याने ते रबरच आहे असं ठरवून टाकलं.

४

रशीदा मागे जाईना, म्हणून ती रात्र दोघांनी पुढच्या सीटवरच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तरीफच्या तेलछावणीत पोहोचले. तिथला स्वयंपाकी जहूर रत्नागिरीकडचाच निघाला. आपल्या गावची भाषा ऐकून तो तर वेडाच झाला. रशीदाला त्याने किचनमागच्या खोलीत, हात-पाय धुवायला गरम पाणी दिलं, आणि चहा टाकला.

हमदुल्ला हवा भरून परत आला तेव्हा जहूर रिकामा कप फडक्याने पुशीत उभा होता.

"काका, आजींना मी गाडीतच चहा नेऊन दिला," जहूर म्हणाला. "त्यांना उठवत नव्हतं, मग पडद्याखालून दिला. पण शाल द्या हो त्यांना. हात काय थंड! बर्फ."

"कुठल्या आजी?"

"तुमच्या वालिदा, आई ना त्या? मागे झोपलेल्या. छातीचा त्रास दिसतोय. फार वय आहे का?"

हमदुल्लाने गाडीकडे वळून पाहिलं. "तू बघितलंस त्यांना?"

"तौबा! पडद्यातल्या बाईला मी कशाला बघू? हात आला, कप घेतला. थोड्या वेळानं रिकामा कप बाहेर आला. खलास." जहूरने कप फळीवर ठेवला आणि विचारलं, "नाश्त्याला किती अंडी करू? तिघांची ना?"

५

हमदुल्ला गाडीच्या मागच्या दाराशी किती वेळ उभा होता कोण जाणे. आत सगळं जागच्या जागी होतं. प्रायमस, पिंप, त्याचं स्वतःचं मोकळं बाक. समोर रशीदाच्या बाकाचा पडदा चारी बाजूंनी ओढलेला. पडद्याच्या आत बावीसची शिट्टी.

त्याने स्वतःला समजावलं. छावणीत येणाऱ्यांपैकी वाळवंटातली कोणी म्हातारी बेदू बाई चुकून चढली असेल. पण छावणी आज आली आणि शिट्टी कालची होती. बरं, काल सबखेत चढली असेल. गाडी उभी होती, दार उघडं होतं, कोणी तहानलेली, आजारी बाई चढून झोपली असेल. हे पटण्यासारखं होतं. पडदा सारला की निकाल लागला असता. त्याने हात पुढे केला.

"अहो, काय करताय?" रशीदा मागून आली होती. गरम पाण्याने तिचा चेहरा लालबुंद दिसत होता. "आत परकी बाई झोपली असेल तर? पडदा उचलाल तुम्ही?"

हमदुल्लाने हात मागे घेतला. परक्या बाईच्या निजेचा पडदा पुरुषाने उचलायचा नसतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"मग तू बघ," तो म्हणाला.

"मी कशाला? बोलावलंय आपणच. पाहुण्याची झोपमोड करू नये." आणि ती पुढे जाऊन सीटवर बसली.

गाडी छावणीतून बाहेर पडल्यावर त्याला एक गोष्ट आठवली. जहूर काय म्हणाला ते त्याने रशीदाला सांगितलंच नव्हतं. मग आत बाई आहे, हे तिला कुणी सांगितलं? जहूरने सांगितलं असेल, असं त्याने ठरवलं. दुसरं काय ठरवणार?

६

पुढे दुपारपर्यंत तो एकच विचार करत होता. अबुधाबीच्या अलीकडे एका उघड्या मैदानात त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. रशीदाला पुढेच बसायला सांगितलं आणि मागे जाऊन दोन्ही दारं सताड उघडली.

"पाहुणे," तो पडद्याकडे बघत, शक्य तितक्या अदबीने म्हणाला, "आमचं जेवण झालं, तुमचंही झालं. आता आम्हाला पुढे जायचंय. तुम्ही उतरा. माफ करा."

शिट्टी थांबली. हमदुल्लाने नजर खाली घातली, कारण कोणी पडद्यातून बाहेर येत असेल तर बघणं बरं नव्हे. त्यामुळे त्याला फक्त गाडीच्या मागच्या चाकावरची स्प्रिंगची कमान दिसत होती. ती कमान त्याने स्वतः बसवली होती, तिचं पान न् पान त्याला माहीत होतं. फळ्या करकरल्या. मग पायरी करकरली. मग कमान हळूच दीड इंच वर उठली, एखादं माणूस उतरल्यावर उठते तशी. वाळूवर त्याच्या अगदी जवळून काहीतरी गेलं, आणि त्याला पायाची बोटं दिसली. थंडीने काळीनिळी पडलेली, बाईची, अनवाणी.

तेवढ्यात पुढून रशीदाची किंकाळी आली. तो धावला. ती सीटवर वाकडी पडली होती, गळ्याशी हात, डोळे बाहेर आलेले, आणि छातीत तीच शिट्टी, पण जानेवारीतली, चाळीसच्या पुढची. "अहो," ती कशीबशी म्हणाली, "मी चालले."

हमदुल्लाने तिला हलवलं, पाठ चोळली, कलमा म्हटला. तिचे ओठ निळे पडत गेले. ह्या एका बाईसाठी त्याने सहा महिने पत्रा कापला होता, तीन मुलुख ओलांडले होते, आणि ती त्याच्या हातात जात होती. त्याला रडू फुटलं. रडतच तो मैदानाकडे तोंड करून ओरडला, "या! परत या! बसा गाडीत! मी चुकलो, या!"

कमान दीड इंच खाली बसली. रशीदाची मान सरळ झाली. तिने पदराने तोंड पुसलं, केस सारखे केले आणि म्हणाली, "चला आता. यल्ला. हारुन वाट बघत असेल."

७

शारजाला हारुनच्या अंगणात गाडी शिरली आणि रशीदाने पायरी न धरता उडी मारली. हारुन बहिणीला बघून लहान मुलासारखा रडला. त्याची बायको बिलकीस दृष्ट काढायला मिरच्या घेऊन आली. चार दिवसांत रशीदा विहिरीवरून दोन-दोन हंडे आणायला लागली, झावळ्यांच्या कुंपणापलीकडच्या बायकांशी गप्पा मारायला लागली. जो तो हमदुल्लाला म्हणे, "भाई, कमाल केलीत. बायको मरणातून काढलीत."

हमदुल्ला मात्र दिवसभर गाडीत असायचा. इंजिनाचं काम काढलंय, असं त्याने हारुनला सांगितलं. खरं कारण असं, की शारजाच्या गरम हवेचा पडद्यामागच्या छातीवर काहीच परिणाम होत नव्हता. बावीसची तीस झाली, तिसाची छत्तीस. हा आवाज कुठे जातो ते त्याला मागच्या जानेवारीने शिकवलं होतं. आणि ही शिट्टी थांबली, तर ती कुणाच्या छातीत परत येईल, हे त्याने सीटवर वाकड्या पडलेल्या रशीदाकडे बघून समजून घेतलं होतं. म्हणून तो पाहुणीची सेवा करत होता. पाणी उकळून वाफेचं भांडं पडद्याखाली सरकवायचा. तेल कोमट करून द्यायचा. शाल, मऊ भात, आल्याचा रस. आतून एक थंड हात यायचा आणि घेऊन जायचा. पडदा त्याने उचलला नाही. जीव लावून सेवा केली तर हिवाळा निघून जाईल, एवढीच त्याची आशा होती, आणि ती सेवा करताना त्याला त्या परक्या बाईची दयाही यायला लागली होती. इतकी, की एकदा पडद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "थोडे दिवस सोसा. इन्शाल्ला बरं वाटेल." आतून एक शब्द अर्धा फुटला, धापेत विरला, आणि शिट्टी क्षणभर संथ झाली.

एकोणिसाव्या दिवशी, दुपारच्या जुहरच्या नमाजानंतर, रशीदा तणतणत गाडीच्या मागच्या दाराशी आली. एक हात दाराच्या चौकटीवर ठेवून ती सुरूच झाली. "मला बरं करायला आणलंत ना तुम्ही, मग मी बरी झाले तर माझ्याजवळ बसायचं सोडून दिवसरात्र ह्या डब्यात काय करताय, हारुन काय म्हणेल, बिलकीस मला रोज विचारत्ये की दाजी रुसलेत का, मी काय सांगू तिला, की माझा नवरा कुणा भलत्या बाईला भात भरवतोय, तिला तसंच टाका आणि चला घरात, आजच्या आज ही गाडी विकून टाका, मला आता गाडीची गरज नाय!"

पडद्यामागची शिट्टी थांबली.

हमदुल्ला रशीदाकडे बघायला लागला, ती आता कोसळणार म्हणून. ती कोसळली नाही. ती तशीच उभी होती. आणि त्याच्या पाठीमागे, पडद्याच्या आतून, प्रत्येक शब्दाला धापा टाकत, मागच्या जानेवारीत त्याने अख्ख्या रात्री उशाशी बसून ऐकलेला आवाज आला.

"अहो... बाहेर... माझ्या आवाजात... कोण बोलतंय?"

दारातली रशीदा गप्प झाली. तिने ऐकलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ती हसतमुखाने नवऱ्याकडे बघत होती, त्याच्यापासून हातभर अंतरावर. इतकं सगळं ती एका दमात बोलली होती. आता कुठल्याही माणसाने श्वास घेतला असता. हमदुल्ला त्या श्वासाची वाट बघत राहिला. त्याने सगळा जीव कानांत आणला. पडद्यामागून एक शिट्टी आली, मग दुसरी, मग बऱ्याच वेळाने तिसरी. दारातून काहीच आलं नाही. आणि त्याला कळलं, की सबखेतल्या त्या दुपारपासून आजवर, छाती बरी झाली म्हणून तो खूश होत होता खरा, पण मैदानातली ती उसनी शिट्टी सोडली, तर ह्या बाईचा स्वतःचा श्वास त्याने एकदाही ऐकला नव्हता.